आत्याची थंडी

आमची सुभद्राआत्या गेली ती ऐन वैशाखात, आणि ही गोष्ट तिला अजिबात आवडली नसती. मरायचं तर पौषात मरावं, असं तिचं जाहीर मत होतं. भेटायला आलेली माणसं चिकटून बसतात, कुणाला घाम येत नाही आणि रडून दमलेल्याला चहा गोड लागतो. उन्हाळ्यात मेलेल्या माणसाची कुणाला कीव येत नाही म्हणे, जो तो सावली बघतो. तिच्या मातीला आलेली माणसं खरोखरच एका लिंबाखाली दाटी करून उभी होती, तेव्हा एवढ्या दुःखातही मला हसू आलं.

थंडी ही तिची पाहुणी. दिवाळी सरली की आमच्या गावात गोधड्या उन्हात पडतात आणि पेटीतली स्वेटरं बाहेर निघतात. मी स्वतः थंडीला घाबरणारा माणूस. बीडला कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं डिसेंबरात खुर्ची मशीनच्या गरम बाजूला सरकवतो ती संक्रांतीपर्यंत हलवत नाही. रविवारी गावी गेलो की कानाला मफलर. आत्या मात्र पहाटे उठून ओट्यावर यायची, कानावरचा पदर मागं टाकायची आणि वाऱ्याकडं तोंड करून मोठ्यांदा म्हणायची, "आलीस का बया? लई वाट बघाय लावलीस." ती माहेरी राहायला आली त्या वर्षी शेजारची रखमाकाकू कोण आलंय ते बघायला चक्क उठून आली होती.

थंडीच्या तिनं तीन इयत्ता केल्या होत्या आणि परीक्षा घ्यायची ती खोबरेल तेलाच्या बाटलीवर. तेलानं कडेला पांढरी साय धरली तर तो नुसता गारवा. बाटली उलटी केली आणि थेंब पडला नाही, तर गारठा. आणि केसातला आकडा आत खुपसल्यावर वाकला, तर मग थंडी. मी मोबाईलवरचं तापमान वाचून दाखवायचो. ती कौतुकानं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं सांगितलंस. आता बाटली आण."

एकदा मी तिच्यासाठी बीडहून चांगला जाड लोकरीचा स्वेटर आणला. पुढच्या रविवारी तो शेळीच्या अंगात होता. पुढचे पाय बाह्यांतून काढलेले, वर बटणं लावलेली. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाली, "ती गाभण हाय. मी हाय का?"

आता थंडीवर एवढी माया का, हे सांगायचं तर आमचं खालचं रान सांगावं लागेल. आमचं गाव पालीच्या पुढं, उताराला. घराजवळचं रान उंचावर, आणि उतार संपतो तिथं वाटीसारखा खोलगट तुकडा. जमीन मुरमाड, त्यामुळं पाणी तिथं थांबत नाही. थंडी मात्र थांबते. हिवाळ्यात सकाळी वरून चालत निघालं की एका बांधापाशी अचानक पोटऱ्या गार पडतात. तिथून खालचं रान सुरू.

माझे वडील, म्हणजे आप्पा, हे सरळ आणि मऊ मनाचे शेतकरी. त्यांनी त्या रानात आधी पपई लावली. पौषात एका रात्रीत पानं उकडल्यासारखी काळी पडली आणि झाडाला लागलेली फळं हिरवी ती हिरवीच राहिली. मग केळी लावली. ऐन गारठ्यात केळी निसवायला आली आणि घड झाडाच्या गळ्यातच अडकला, बाहेर पडेना. आप्पा रोज सकाळी जाऊन झाडाकडं बघायचे, जणू ठसका लागलेल्या माणसाच्या पाठीवर हात फिरवायचा आहे. त्यानंतर त्यांनी त्या रानाचा नाद सोडला.

त्याच सुमाराला आत्या कायमची माहेरी आली. तिचं सासर तेलगावकडं. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, दिरांनी उसाच्या रानाभोवती अशी काही वळणं घेतली की हिच्या वाट्याला फक्त घराचा उंबरा राहिला. ती भांडली नाही. भांडण तिला येत नव्हतं असं नाही, चांगलंच येत होतं, पण उसाबद्दल तिला मुळातच प्रेम नव्हतं. "उसाच्या फडात शेजारची बाई मेली तरी कळत न्हाई," म्हणायची. माहेरी आल्यावर दोन दिवस ती रानातून फिरून आली. तिसऱ्या दिवशी जेवताना आप्पांना म्हणाली, "आप्पा, ते खालचं रान मला कसायला दे."

"त्या गारठ्यात काय लावणार अक्का? बर्फ?"

"जिला फुलाय थंडी लागती ती मोसंबी लावीन. तू थंडीला हाकलाय गेलास. काहून हाकलायची? घरात आलेल्या बाईला कामाला लावावं."

लहानपणी जालन्याकडं तिच्या मावशीच्या गावी तिनं मोसंबीची बाग फुललेली पाहिली होती. झाड, पान, खोड काहीच तिच्या लक्षात नव्हतं. वास तेवढा लक्षात होता. एवढ्या भांडवलावर तिनं कलमं आणली.

आता ती सगळं बरोबरच करायची असं कुणी समजू नये. थंडी सगळ्यांनाच मानवते असा तिचा समज होता, म्हणून बांधाला तिनं एक आंबाही लावला. त्याला मोहर आला की धुकं पडायचं आणि मोहर काळा पडून गळायचा. दर वर्षी हेच. आत्यानं धुक्याला कधी बोल लावला नाही. "ह्या आंब्यालाच वळण न्हाई," असा निकाल तिनं दिला आणि त्याला धुणं वाळत घालायला सुरुवात केली.

मोसंबी मात्र वाढली. कलमं लहान असतात तोवर त्यांना नुसतं जगवायचं असतं, फळासाठी बहार धरायचा नसतो. आत्यानं पाच-सहा हिवाळे काढले. मग झाडं तिच्या डोक्याच्या वर गेली, आणि नेमकं त्याच वर्षी आमच्याकडं पाइपलाइन आली. पाणी आलं की आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर पहिल्यांदा ऊस उभा राहतो. आप्पांच्याही राहिला. वर ऊस, मग खाली का नको, असं गावातले दोन तालेवार त्यांना रोज सांगू लागले.

त्या रविवारी मी ओट्यावरच होतो. आप्पा खाली बघत म्हणाले, "अक्का, एवढी वरसं झाली. एक फळ न्हाई. आता खाली बी ऊस लावू म्हणतो."

आत्या निवडत असलेली ज्वारी तशीच ठेवून उठली. "हा हिवाळा दे मला. माघ सरायच्या आत बाग फुलली तर बाग ऱ्हाईल. न्हाई फुलली तर आण तुझा जेसीबी. मी सोता बांधावर हुबं ऱ्हाऊन उपटून घेईन."

आप्पांनी मान डोलावली. ते कठोर नव्हते, पण शब्द दिला-घेतला की झालं, अशी त्या दोघांची रीत होती. आत्याला दुसरीकडं कुठं रान नव्हतं. सासरचं गेलंच होतं. हे गेलं असतं तर ती घरात राहिली असती, दोन वेळचं जेवली असती, आईच्या हाताखाली भाजी निवडली असती. कुणी काही बोललं नसतं. तेच तिला नको होतं.

मोसंबीची एक तऱ्हा आहे. तिला फुलवायचं तर आधी तिचं पाणी तोडायचं, ऐन थंडीत. याला ताण देणं म्हणतात. वरून गारठा आणि मुळाशी कोरडं, असं झालं की झाड वाढायचं थांबतं, पानं पिवळी पडून गळतात आणि आत कुठंतरी फुलांची तयारी होते. मग संक्रांतीच्या पुढं-मागं पाणी सोडलं की झाड फुलून येतं. सांगायला सोपं आहे. पण आपण पोरासारखं वाढवलेलं झाड डोळ्यांसमोर कोमेजताना बघत बसायचं, हे भल्याभल्यांना जमत नाही.

आत्यानं मार्गशीर्षात व्हॉल्व बंद केला, मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली पदराच्या गाठीला बांधली. आठ-पंधरा दिवसांत पानं वळायला लागली. गाव तेव्हा निम्मं रिकामं असतं, कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, ऊसतोडीला गेलेले, मागं राहिलेली म्हातारी माणसं जाता-येता बांधावर थांबायची आणि चुकचुकायची. आप्पांना तर जेवण जाईना.

"अगं मरतेत की ती!"

"मरत न्हाईत. झोपायलीत. झोपलेल्याला उठवून पाणी पाजतो का कुणी?"

एवढं ठणकावून बोलणारी आत्या पौष लागल्यावर मात्र गप्प झाली. कारण आभाळ भरून आलं. पाऊस नाही, पण ढग हटेनात, आणि ढग असले की थंडी कुठली? रात्री उकडायला लागलं. तेलाची बाटली ओट्यावर पाण्यासारखी डुलत होती. पाऊस पडला असता तर ताण तुटला असता, थंडी पडली नाही तर ताण फुकट गेला असता. मी रविवारी गेलो तर ती खालच्या बांधावर बसलेली. मी शेजारी बसलो.  ती आभाळाकडं बघत हळूच म्हणाली, "इतकी वरसं हिला बोलवायलेय. आज गरज हाय तर कुठं जाऊन बसली रांड." आत्याच्या तोंडी थंडीला शिवी मी पहिल्यांदा ऐकली. ती घाबरली होती.

मग एका सकाळी आईचा दुकानावर फोन आला. "आत्या बाटली घेऊन गावात फिरायलीय," आई म्हणाली. आभाळ रात्रीत निवळलं होतं आणि वारा वरच्या अंगानं सुटला होता. आकडा नुसता वाकला नव्हता, तेलात मोडून अडकला होता. ही चौथी इयत्ता निघाली. रस्त्यात भेटेल त्याला आत्या बाटली उलटी करून दाखवत होती आणि लोक कुडकुडत हात जोडत होते.

त्या थंडीनं बऱ्याच जणांचं नुकसान केलं. रखमाकाकूची पपई आमच्या रानाला लागूनच होती. तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, घरात ती एकटी. त्या रविवारी मी सकाळी दोन मफलर गुंडाळून खाली गेलो तर पपईच्या रानातून धूर येत होता. आत्या ओला पालापाचोळा आणि शेणकुटं पेटवून एकेका ओळीच्या तोंडाशी धूर करत फिरत होती, म्हणजे धुराची गोधडी झाडांवर राहते आणि गारठा खाली उतरत नाही. डोळ्यांतून पाणी, तोंडाला काजळी. रखमाकाकू म्हणाली, "अगं सुभद्रे, तुझी बाग टाकून इथं कशाला?"

"माझी पाहुणी तुझ्या रानात धिंगाणा घालायलीय. मग मीच यावं की आवराय."

शेजारणीच्या झाडांना ती ऊब देत होती आणि स्वतःची झाडं उघडी ठेवून थंडीच्या हवाली केलेली. मला हे बघून आत्याचा इतका अभिमान वाटला की मी मफलर काढून धूर घालायला लागलो. पाचच मिनिटं, पण लागलो. रखमाकाकूची पपई सगळी नाही, पण बरीचशी वाचली.

आप्पांनी मात्र हे बघून भलताच धडा घेतला. गारठा पडला की बागेला पाणी द्यावं, जमीन उबदार राहते, हे आमच्याकडं लहान पोराला ठाऊक आहे. केळीला देतात, पपईला देतात. आप्पांना वाटलं, अक्का दुसऱ्याची झाडं वाचवतीय आणि हट्टापायी स्वतःची मारतीय. किल्ली तर तिच्या पदराला. मग त्यांनी काय करावं? वरच्या रानाच्या मोटारीला लांबच लांब पाइप जोडला आणि आत्या दळणाला गेलेली बघून बांधालगतच्या दोन ओळींना पोटभर पाणी पाजलं. पुढच्या ओळींना देणार तेवढ्यात वीज गेली. माझ्या मते आमच्या भागातल्या भारनियमनानं आयुष्यात केलेलं हे एकमेव पुण्याचं काम.

संध्याकाळी आत्यानं ओली माती बघितली. आम्हाला वाटलं, आता आप्पांचं काही खरं नाही. ती आप्पांसमोर येऊन उभी राहिली. त्यांचे डोळे भरले होते. "बघवंना गं अक्का," एवढंच म्हणाले.

आत्यानं रागानं तोंड उघडलं होतं ते मिटलं. "ठीक हाय," म्हणाली. "त्या दोन ओळी तुझ्या. बाकीच्याकडं बघायचं बी न्हाई." दुसऱ्या दिवशी तिनं त्या दोन ओळींच्या टोकाला काठ्या रोवून आप्पांचं जुनं धोतर फाडून चिंध्या बांधल्या. आप्पांच्या ओळी टवटवीत दिसायला लागल्या आणि बाकीची बाग अर्धी उघडी, पिवळी. बघणारे आप्पांनाच शाबासकी द्यायचे. आत्या ऐकून घ्यायची.

संक्रांत झाली. ताण सोडायचा तर आधी झाडांच्या बुंध्याभोवतीची आळी चाळायची, खत घालायचं. गावात गडी मिळेना. मग रखमाकाकूनं आपल्यासारख्या मागं राहिलेल्या सगळ्या बायका गोळा केल्या. खुरपी घेऊन त्या ओळीनं बसल्या आणि सुनांच्या निंदेत ते काम असं सरसर उरकलं की बैलजोडीनं लाजावं. मग आत्यानं पदराची गाठ सोडली, पेटी उघडली. पहिलं पाणी अगदी हलकं, त्याला आंबवणी म्हणतात. दुसरं जरा सढळ, ती चिंबवणी. आणि मग नुसती वाट बघायची.

माघ लागला. फांद्यांना काही दिसेना. आत्या दिवसातून दहादा खाली जायची. आप्पा तिच्या नजरेला नजर देत नव्हते. जेसीबीवाल्याचा फोन येऊन गेला होता, हे आईनं मला हळूच सांगितलं.

पुढच्या रविवारी मी मोटारसायकलवरून गावात शिरलो आणि वेशीपाशीच मला काहीतरी झालं. मी गाडी थांबवली, मफलर सोडला. गोड, गार, जरा कडवट कडेचा असा वास अंगावर आला. पारावरची म्हातारी माणसं माना वर करून हुंगत होती. मी गाडी तशीच खालच्या रानाकडं घेतली. बांधावरून बघतो तर बाग पांढरी. फांदी न् फांदी फुलली होती. मधमाश्यांचा असा आवाज की मोटार चालू आहे असं वाटावं. आणि मधोमध आत्या कमरेवर हात ठेवून उभी, केसांत फुलं पडलेली, चेहरा असा की तिनं आत्ताच गड जिंकलाय. जिंकलाच होता.

आणि बांधालगत चिंध्यांच्या आतल्या दोन ओळी हिरव्यागार. नवी लुसलुशीत पालवी आलेली. चारदोन फुलं होती, नाही असं नाही, पण ती शोधावी लागत होती.

त्या दोन ओळींवर आत्यानं महिनाभर मजा मारली. बाग बघायला येणारा प्रत्येक माणूस तिनं आधी तिकडं नेला. "ही बघा आमच्या आप्पाची दया," म्हणायची. "पाला लई चांगला आलाय. शेळीला हुईल." उसाची शिफारस करणारे तालेवारही आले, त्यांनाही नेलं. आप्पा शेजारी उभे राहून खाली मान घालून हसायचे. जेसीबीवाल्याला त्यांनी स्वतःच फोन करून नको म्हणून सांगितलं, तेही आत्याला ऐकू जाईल इतक्या अंतरावर उभं राहून.

उन्हाळ्यात थोडी फळं गळाली, पाणी जपून द्यावं लागलं, पण झाडांनी बहार सोडला नाही. गणपती उठले तेव्हा फांद्यांना टेकू द्यावे लागत होते. व्यापारी रानातच सौदा करू म्हणत होते. आत्या म्हणाली, "माल मी सोता घेऊन जाणार."

आत्या त्यानंतरही काही वर्षं होती. आणखी बहार धरले, आणखी भांडली. पण ती आठवते ती पहिला माल नेला त्या सकाळचीच. मी दुकान उशिरा उघडायचं ठरवून बीडच्या मोंढ्यात, म्हणजे मालाच्या बाजारात, जाऊन थांबलो होतो. टेम्पो आला. पुढं ड्रायव्हरच्या शेजारी आत्या, नवं लुगडं, कपाळावर आडवं गोंदण, मांडीवर निवडक मोसंब्यांची पिशवी. मागं क्रेटांच्या ढिगावर दोरी धरून आप्पा, टोपी वाऱ्यानं तिरकी झालेली. आडत्या लगबगीनं पुढं आला. त्यानं आत्याकडं बघितलंसुद्धा नाही. वर मान करून आप्पांना विचारलं, "राम राम मालक. बाग तुमचीच का?"

"न्हाई," आप्पा वरून म्हणाले. "बाग अक्काची हाय."

आत्यानं ते चांगलं ऐकलं होतं, मी तिच्याकडंच बघत होतो. तिनं काच आणखी खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि वर बघून ओरडली, "मोठ्यानं बोल रं आप्पा! लई गलका हाय हितं!"

मग आप्पा क्रेटांवर उभे राहिले, एका हातानं टोपी धरली, आणि गळ्याच्या शिरा ताणून सगळ्या मोंढ्याला ऐकू जाईल असं त्यांनी ते पुन्हा सांगितलं.